जळालेल्या डोंगरावरचा पाऊस आणि ओढ्याचे पात्र

इंदूरमध्ये जलसंपदा अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न विचारले आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, वणव्यात जळालेल्या एका ओढ्याची दरी पहिल्या पुराने गाळाने भरली आणि पुढच्या वर्षीच्या पुराने तोच गाळ खरवडून नेला, असे तिच्या वाचनात आले आहे. दोन पूर एकमेकांच्या इतके उलट का वागतात, ओढा पूर्ववत होण्यास किती काळ लागतो, आणि इंदूरच्या दक्षिणेकडील सिमरोल-चोरलच्या जंगलात उन्हाळ्यात पाचोळा जळून लगेच पावसाळा येतो, तेव्हा हे ज्ञान आपल्याकडच्या नाल्यांना कितपत लागू पडते, हे तिला जाणून घ्यायचे आहे.

आधी थोडक्यात उत्तर देतो. जळालेला उतार आणि त्याच्या पायथ्याचा ओढा एकाच गतीने सावरत नाहीत. गवत आणि झुडपे परतली की तीन-चार वर्षांत उतारावर पाणी पुन्हा मुरू लागते. पण तेवढ्या अवधीत वरून जे खाली आलेले असते, ते ओढ्यात कित्येक दशके आणि काही ठिकाणी शतके मुक्काम करते. त्यामुळे आग किती मोठी होती यापेक्षा आगीनंतर कोणता पाऊस कोणत्या क्रमाने आला आणि त्याचे पाणी दरीच्या कोणत्या भागातून गेले, हे मला अधिक निर्णायक वाटते. आपल्या विंध्यातील नाल्यांना या ज्ञानाचा गाभा लागू पडतो, आकडे मात्र लागू पडत नाहीत. आता सविस्तर.

दाट जंगलात पावसाचा थेंब आधी पानांवर, मग पाचोळ्यावर आणि शेवटी मातीवर पोहोचतो. पाचोळ्याखालची माती मुळांनी आणि कीटकांनी पोखरलेली असल्यामुळे बराच जोराचा पाऊसही तिच्यात मुरून जातो. वणवा हे आवरण काढून टाकतोच, पण त्याखेरीज आणखी एक बदल घडवतो. पाचोळा जळताना त्यातील मेणचट सेंद्रिय द्रव्ये वाफेच्या रूपात मातीत उतरतात आणि थोड्या खोलीवरील थंड कणांवर बसून तेथे पाणी झिडकारणारा थर तयार करतात. मातीचे तापमान १७५ ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले असेल, तर हा थर सर्वांत प्रभावी होतो. २८० ते ४०० अंशांच्या दरम्यान तो नष्टही होतो. म्हणजे सर्वांत भीषण जळालेल्या जागी हा थर पृष्ठभागावर सापडेलच असे नाही, तो खाली सरकलेला असू शकतो. अशा मातीवर पाण्याचा थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा राहतो. त्यातच राखेचे बारीक कण मातीची रंध्रे बुजवतात आणि उघड्या जमिनीवर थेंबांचा मार बसून पापुद्रा धरतो. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे जागेनुसार बदलते. परंतु परिणाम एकच होतो, तो असा की पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते.

किती वाहू लागते, हे समजण्यासाठी माझ्या माहितीतील सर्वांत बोलके उदाहरण बफेलो क्रीक येथील आहे. डेन्व्हर शहराच्या नैर्ऋत्येला असलेल्या या डोंगराळ भागात मे १९९६ मध्ये सुमारे ४,७०० हेक्टर जंगल जळाले आणि त्याच वर्षी १२ जुलै रोजी तेथे वळवासारखा गडगडाटी पाऊस कोसळला. पावसाची तीव्रता तासाला ९० मिलिमीटर होती आणि पुराचा सर्वोच्च प्रवाह दर चौरस किलोमीटरमागे सेकंदाला २४ घनमीटर इतका मोजला गेला. आता एक साधे गणित करून पाहावे. एक चौरस किलोमीटरवर तासाला ९० मिलिमीटर पाऊस पडत असेल आणि त्यातील एकही थेंब मुरत नसेल, तर सेकंदाला बरोबर २५ घनमीटर पाणी वाहील. म्हणजे पुराच्या शिखरावर तो डोंगर सिमेंटच्या गच्चीच्या जवळपास पोहोचलेला होता. पुढच्या वर्षी, १९९७ मध्ये, अर्ध्या तासात तासाला ५० मिलिमीटर या तीव्रतेचा पाऊस झाला, तेव्हा सर्वोच्च प्रवाह ६.६ घनमीटर होता. हे पडत्या पाण्याच्या जवळजवळ निम्मे झाले. त्याच तीव्रतेच्या पावसाने २००० साली केवळ ०.११ घनमीटर प्रवाह निर्माण केला, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. चार वर्षांत उतार पाण्याच्या दृष्टीने जवळजवळ बरा झाला होता.

या नोंदींमधून आणखी एक गोष्ट दिसते आणि ती बहुतेक अभियंत्यांच्या समजुतीच्या विरुद्ध आहे. धूप म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उतारावरून सपाट थराने निघून जाणारी माती येते. बफेलो क्रीकच्या १९९६ मधील धुपीपैकी उतारावरील सपाट धुपीचा वाटा १४ टक्के आणि लहान ओघळींचा ६ टक्के होता. उरलेली ८० टक्के दगडमाती घळी, ओहळ आणि ओढ्यांच्या फाट्यांचे तळ उकरले जाऊन आली होती. ज्या घळींमध्ये शेकडो वर्षे माती नुसती साठत होती आणि ज्यांतून वर्षानुवर्षे पाणी वाहत नव्हते, त्या घळी एका पावसातच खोल नाल्यांमध्ये बदलल्या. त्यामुळे वणव्यानंतर ओढ्यांचे जाळे वरच्या अंगाला लांबते आणि खोल होते, तर खालच्या अंगाला त्याच मातीने भरते. एकाच पुरात एकाच ओढ्याचे वरचे टोक खचलेले आणि खालचे टोक उंचावलेले दिसते, आणि ज्याने फक्त एकाच ठिकाणी पाहणी केली त्याचा निष्कर्ष चुकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विद्यार्थिनीने वाचलेला ओढा म्हणजे बहुधा स्किन गल्च. कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स शहराच्या पश्चिमेला कॅश ला पूद्र नदीला मिळणारा, सुमारे १५ चौरस किलोमीटर पाणलोटाचा हा लहानसा ओढा आहे. जून २०१२ मध्ये वीज पडून पेटलेल्या हाय पार्क वणव्यात ३५० चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश जळाला आणि या ओढ्याचा बराचसा भाग त्यात आला. आग आटोक्यात येते न येते तोच, जुलैमध्ये, त्या पाणलोटावर एक छोटा पण अतिशय तीव्र गडगडाटी पाऊस झाला. त्या पुराने दरीच्या तळाचे रूप पालटले. अरुंद भागांतून धोंडे खाली आले आणि रुंद भागांत गाळ, गोटे आणि जळक्या ओंडक्यांचे थर साचले. त्यानंतर सप्टेंबर २०१३ मध्ये कोलोरॅडोच्या पूर्व उतारावर आठवडाभर चाललेला तो प्रसिद्ध पाऊस आला, ज्यात बोल्डर शहरात आठवड्याभरात ४०० मिलिमीटरहून अधिक पाणी पडले. स्किन गल्चमध्ये या दुसऱ्या पावसाचे एकूण प्रमाण पहिल्यापेक्षा कितीतरी मोठे होते, तरी पुराचे शिखर पहिल्यापेक्षा बरेच खाली राहिले. आणि नेमक्या या कमी उंचीच्या पुराने आधीच्या वर्षी साचलेल्या गाळाचा मोठा भाग उचलून नेला, पात्र खोल आणि रुंद केले आणि तळाशी मोठे गोटे उघडे पाडले.

हे उलट वागणे समजून घेण्यासाठी दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात: ओढ्याला वरून किती गाळ मिळतो, आणि त्याच्यातील पाण्याला किती गाळ किती वेळ वाहून नेता येतो. जुलै २०१२ च्या पुरात राख, सुटी माती आणि घळींमधील साठा हे सगळे एकदम उपलब्ध होते. पाणी झपाट्याने चढले आणि तितक्याच झपाट्याने उतरले. चढत्या पाण्याने जेवढे उचलले, तेवढे उतरत्या पाण्याला पुढे नेणे शक्य नव्हते, म्हणून जेथे उतार मंदावला किंवा दरी रुंदावली तेथे ते टाकून देण्याखेरीज त्याला मार्ग नव्हता. सप्टेंबर २०१३ मध्ये मात्र उतारावर काही प्रमाणात हिरवळ आली होती, सुटी राख निघून गेली होती आणि वरच्या घळी बऱ्याचशा रिकाम्या झाल्या होत्या. त्यामुळे ओढ्यात येणारे पाणी तुलनेने स्वच्छ होते आणि ते कित्येक तास, कित्येक दिवस वाहत राहिले. ज्या पाण्याकडे वाहून नेण्याची शक्ती आहे पण वाहून नेण्यासाठी वरून माल मिळत नाही, ते आपला माल तळातून आणि काठांतून काढते. पुराची उंची हे त्याच्या शक्तीचे एक माप आहे; तो किती वेळ टिकला हे दुसरे माप आहे, आणि पात्र घडवण्यात या दुसऱ्या मापाला आपण नेहमीच कमी लेखतो.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पहिला पूर भरतो आणि दुसरा खरवडतो, असा नियम यावरून काढता येणार नाही. क्रम उलटा झाला असता, म्हणजे आगीनंतर आधी रिपरिप पावसाचे लांब सत्र आले असते, तर राख हळूहळू खाली गेली असती, गवताने जम धरला असता आणि पुढच्या गडगडाटी पावसाला घळी फोडण्याची संधीच कदाचित मिळाली नसती. पहिल्या एक-दोन वर्षांत तीव्र पाऊस त्या नेमक्या पाणलोटावर पडतो की शेजारच्या, यावर ओढ्याचे पुढचे शतक ठरू शकते. शेजारी-शेजारी असलेल्या, सारख्याच जळालेल्या दोन ओढ्यांपैकी एक पार बदललेला आणि दुसरा जवळजवळ होता तसाच, हे दृश्य या विषयात वारंवार पाहायला मिळते आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

दगडमातीचा लोंढा हा या सगळ्यातला सर्वांत घातक प्रकार आहे. पाण्यात दगडमातीचे प्रमाण इतके वाढते की ते मिश्रण ओल्या काँक्रीटप्रमाणे एकसंध सरकू लागते आणि सर्वांत मोठे धोंडे त्याच्या तोंडाशी येतात. दक्षिण कॅलिफोर्नियात टॉमस वणवा डिसेंबर २०१७ मध्ये पेटला आणि तो पूर्ण विझण्याआधीच, ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे, मॉन्टेसिटो गावावर असे लोंढे आले. त्यांत २३ जणांचा जीव गेला. त्या दिवशीचा एकूण पाऊस असामान्य नव्हता, काही मिनिटांची सर असामान्य होती. त्या प्रदेशात झुडपांच्या बुंध्यांमागे अडकलेली माती झुडूप जळताच कोरडीच घरंगळत घळीत उतरते, त्यामुळे पहिला थेंब पडण्यापूर्वीच घळी भरलेल्या असतात. ज्यांना धोक्याचा इशारा द्यायचा आहे त्यांनी चोवीस तासांच्या पावसाकडे पाहून चालत नाही. पाच, पंधरा आणि तीस मिनिटांच्या तीव्रतेकडे पाहावे लागते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील जळालेल्या पाणलोटांत अर्ध्या तासाची तीव्रता तासाला १० मिलिमीटरच्या आसपास गेली की पुरांचे शिखर झपाट्याने वाढू लागते, असे तेथील मोजमापांतून दिसून आले आहे. आपल्याकडच्या पावसाळी सरींच्या मानाने ही तीव्रता अगदी किरकोळ आहे, आणि याचा विचार पुढे करावा लागेल.

ओढा पूर्ववत होण्यास किती काळ लागतो, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना 'पूर्ववत' म्हणजे काय हे आधी ठरवावे लागते. पाण्याचा प्रवाह पूर्ववत होण्यास तीन-चार वर्षे पुरतात, हे बफेलो क्रीकवरून दिसले. गाळाचे तसे नाही. त्याच पाणलोटात, पहिल्या पुरांनी सुटा केलेल्या गाळापैकी सुमारे ६७ टक्के गाळ चार वर्षांनंतरही तेथेच होता आणि त्याचा मुक्काम ३०० वर्षांहून अधिक राहील असा अंदाज अभ्यासकांनी केला. त्या जंगलात दोन वणव्यांमधील अंतर यापेक्षा बरेच कमी असते. म्हणजे पुढचा वणवा येईल तेव्हा ओढा मागच्या वणव्यातून बाहेर पडलेलाच नसेल. मागच्या गाळावर नवा गाळ येईल, किंवा नवा पूर जुन्या गाळातून मार्ग कापत जाईल. यलोस्टोन उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग १९८८ मध्ये जळाला, त्यानंतर तेथील ओढ्यांच्या मुखाशी असलेले पंख्याच्या आकाराचे जुने गाळसाठे उकरून पाहिले गेले. गेल्या साडेतीन हजार वर्षांत तेथे साचलेल्या मालापैकी सुमारे ३० टक्के माल वणव्यानंतरच्या पुरांनी आणलेला आढळला. आपण ज्याला ओढ्याचे मूळ रूप म्हणतो, त्याच्या बांधणीतच जुन्या वणव्यांचा एवढा हात असतो.

साचलेल्या गाळाचे पुढे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. प्रथम पाणी अनेक उथळ फाट्यांनी पसरून वाहते, कारण तळ उंचावलेला असतो आणि काठ उरलेले नसतात. मग एखाद्या ठिकाणी, बहुधा गाळाच्या खालच्या टोकाशी, तळात एक पायरी पडते आणि ती दर पुरात वरच्या दिशेने सरकत जाते. तिच्या मागे अरुंद खोल चर तयार होतो, दोन्ही बाजूंना गाळाचे सपाट कट्टे उभे राहतात, नंतर काठ ढासळून चर रुंदावतो. वरच्या भागात असा कापला गेलेला गाळ खालच्या भागात पुन्हा साचतो, त्यामुळे ज्या गावाजवळ पहिल्या दोन वर्षांत काहीच घडले नाही, तेथे पाचव्या किंवा सातव्या वर्षी पात्र उंचावू लागते. लोकांना वाटते की हा नवा उपद्रव आहे. प्रत्यक्षात तो जुनाच माल टप्प्याटप्प्याने प्रवास करत असतो. शिवाय जळालेल्या झाडांची मुळे लगेच कुजत नाहीत. ती मातीला काही वर्षे धरून ठेवतात आणि मग त्यांची ताकद संपते, तोवर नव्या झाडांची मुळे पुरेशी वाढलेली नसतात. म्हणून वणव्यानंतर काही वर्षांनी, जेव्हा उतार हिरवा दिसू लागलेला असतो, तेव्हा लांब पावसात उथळ दरडी सुटू शकतात.

उभी जळालेली झाडे पुढची दहा-वीस वर्षे हळूहळू कोसळत राहतात आणि ओढ्यात येतात. त्यांचे अडथळे तयार होतात, मागे वाळू साठते, पुढे डोह पडतो. पूल आणि मोऱ्यांच्या दृष्टीने हे ओंडके धोकादायक असले, तरी पुलापासून दूर असलेल्या पात्रात ते राहू द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. वणव्यानंतरचा पहिला काळ मासे आणि पाणकिडे यांना फार वाईट जातो; राखेचे पाणी, कमी झालेला प्राणवायू आणि सावली गेल्यामुळे तापलेले पाणी यांत ते मोठ्या प्रमाणावर मरतात. परंतु फाट्यांच्या संगमांवर साचलेले गाळाचे पंखे आणि ओंडक्यांचे अडथळे यांमुळे पुढे पात्रात जी विविधता येते, तिच्यावर नंतरच्या पिढ्या पोसल्या जातात. वरच्या आणि खालच्या अंगाला जिवंत पाण्याचा दुवा शाबूत असेल, तर मासे परततात. मध्ये बांध घातला असेल, तर परतत नाहीत.

पाण्याच्या गुणवत्तेविषयी थोडेच सांगतो. हाय पार्क वणव्यानंतर पूद्र नदी राखेने काळी झाली आणि फोर्ट कॉलिन्सला काही काळ त्या नदीचे पाणी घेणे थांबवावे लागले. डेन्व्हरच्या स्ट्रॉन्टिया स्प्रिंग्ज जलाशयात बफेलो क्रीकचा आणि नंतर २००२ च्या हेमन वणव्याचा गाळ उतरला आणि तो काढण्यासाठी दोन कोटी डॉलरहून अधिक खर्च आला. हेमन वणव्यात भीषण जळालेल्या लहान ओढ्यांमध्ये चौदा वर्षांनंतरही नायट्रेटचे प्रमाण वाढलेलेच आढळले. पाणी नितळ दिसू लागले म्हणजे पाणलोट सावरला, असे मानता येत नाही.

आता आपल्याकडे. इंदूरच्या दक्षिणेला माळव्याचे पठार संपते आणि विंध्याचा कडा निमाडात उतरतो. सिमरोल, चोरल, पाताळपाणी, जानापाव हा सगळा भाग त्या कड्यावर आणि त्याच्या लगत आहे. येथील नाल्यांचा उतार तीव्र आहे, ते चोरल नदीसारख्या प्रवाहांतून थोड्याच अंतरात नर्मदेला मिळतात. जंगल पानझडी आहे, सागाचे प्रमाण मोठे आहे, आणि फेब्रुवारीपासून जूनपर्यंत केव्हाही पाचोळा पेटतो, बहुतांशी माणसाच्या हातून: मोहाची फुले वेचण्यासाठी जमीन साफ करताना, तेंदूची नवी पाने यावीत म्हणून, किंवा निष्काळजीपणे टाकलेल्या विडीमुळे. ही आग जमिनीलगत धावते, झाडांचे शेंडे सहसा जळत नाहीत, आणि पाचोळ्याचा पातळ थर काही मिनिटांत संपून जातो. त्यामुळे कोलोरॅडोतील सूचिपर्णी जंगलाप्रमाणे माती खोलवर भाजली जात नाही, मुळे जिवंत राहतात आणि घळी फोडणारे दगडमातीचे लोंढे येथे क्वचितच अपेक्षित आहेत. खडकाचाही फरक आहे. बफेलो क्रीकचा ग्रॅनाइट कुजून जाडसर रेती होते, जी लांब जात नाही आणि पात्रातच थर धरून राहते. आपला काळा बेसॉल्ट एकीकडे मोठे धोंडे देतो आणि दुसरीकडे चिकण माती. धोंडे जेमतेम सरकतात, तर चिकण माती पाण्यात तरंगत थेट खालच्या तलावापर्यंत जाते. म्हणून येथे वणव्याचा परिणाम पात्रापेक्षा तलावाच्या तळाशी शोधणे अधिक योग्य ठरेल, असे मला वाटते.

पण म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही. आपल्याकडे आग आणि पाऊस यांच्यात कित्येकदा काही आठवड्यांचेच अंतर असते, आणि जूनच्या उत्तरार्धात येणाऱ्या पहिल्या सरी वर सांगितलेल्या तासाला १० मिलिमीटरच्या मर्यादेच्या कितीतरी पट तीव्र असू शकतात. पठारावरच्या भेगाळलेल्या काळ्या मातीत पहिला पाऊस भेगांमधून जिरतो, परंतु कड्यावरील उतारांवर मुरमाचा पातळ थर असतो, तेथे ही सोय नाही. सागाच्या रुंद पानांवरून पडणारे थेंब टपोरे असतात. खाली पाचोळा असेल तर त्यांचा मार लागत नाही, पाचोळा जळाला असेल तर तोच थेंब उघड्या मातीवर पडतो. गवत साधारण जुलैच्या मध्यापर्यंत जम धरते. त्यामुळे आपल्या नाल्यांसाठी धोक्याचा काळ अगदी छोटा, पहिल्या तीन-चार आठवड्यांचा आहे, पण तो दर वर्षी येतो. तेच रान वर्षामागून वर्ष जळत राहिले, तर पाचोळ्याचा थर कधीच तयार होत नाही आणि माती थोडी थोडी करून निघून जाते. कोलोरॅडोचा ओढा एका पावसात बदलला म्हणून त्याच्यावर लिहिले गेले. आपला नाला दर जूनमध्ये थोडा बदलतो आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मला या दुसऱ्या प्रकाराची चिंता अधिक वाटते.

विद्यार्थिनीने अभ्यासासाठी एक शक्यता नक्की ध्यानात घ्यावी. स्किन गल्चमध्ये भरणारा आणि खरवडणारा असे दोन पूर चौदा महिन्यांच्या अंतराने आले. आपल्याकडे ते दोन्ही एकाच पावसाळ्यात येऊ शकतात. जूनमधील गडगडाटी सर उघड्या उतारावरून माल खाली आणते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे क्षेत्र दोन-तीन दिवस सलग बरसते तेव्हा उतार हिरवा आणि पाणी तुलनेने स्वच्छ असते. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर एकेकदा मोजणी केली, तर भरणे आणि खरवडणे एकमेकांना झाकून टाकतील आणि 'काही बदल नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघेल. जुलैच्या अखेरीस मधली मोजणी केलीच पाहिजे.

पुरानंतर नाल्यात गाळ दिसला की जेसीबी लावून नाला खोलीकरण करण्याची मागणी होते आणि अनेकदा ती मान्यही होते. पूल किंवा मोरीचे तोंड मोकळे करणे आवश्यक आहे; त्यापलीकडे सरसकट खोलीकरण करू नये. तळ कृत्रिमरीत्या खाली नेला की वर वर्णन केलेली पायरी आपणच तयार करतो, ती वरच्या दिशेने सरकते आणि जो गाळ शतकभर जागेवर राहिला असता तो दोन पावसाळ्यांत खालच्या तलावात उतरतो. अनगड दगडी बांध लहान ओघळींमध्ये उपयोगी पडतात, पण जळालेल्या पाणलोटात ते पहिल्याच मोठ्या सरीत भरतात, आणि मोठ्या घळीत फुटले तर आपल्याबरोबर साठलेला मालही एकदम सोडतात. खर्च करायचाच असेल तर तो उतारावर करावा. जळालेल्या तीव्र उतारावर पेंढा, वाळलेले गवत किंवा लाकडाच्या ढलप्या पहिल्या पावसापूर्वी पसरणे हा, जगभरच्या अनुभवावरून, सर्वांत परिणामकारक उपाय ठरला आहे. नुसते गवताचे बी फेकण्याचा उपयोग कमी होतो, कारण बी रुजण्याआधीच सर येते. आणि पुढची दोन वर्षे तेथे चराई बंद ठेवता आली, तर तिचा लाभ कोणत्याही बांधकामापेक्षा अधिक होईल.

मोजणीविषयी शेवटचे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना देते, त्यांवरून जळालेली जागा शोधता येईल. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दहा मीटर तपशिलाच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात, त्यांतून आगीआधीची आणि नंतरची तुलना करून दाहकतेचा नकाशा करावा. शक्य तो एक जळालेला आणि एक न जळालेला असे सारख्या आकाराचे शेजारचे दोन नाले निवडावेत. दोन्हींवर वरचा तीव्र भाग, मधला रुंद भाग आणि संगमाजवळचा भाग अशा तीन ठिकाणी पात्राचे आडवे छेद, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतच्या उंच-सखलपणाची मोजणी, घ्यावेत आणि त्यांची टोके काठावरील पक्क्या खडकावर रंगाने खुणावून ठेवावीत. प्रत्येक छेदाजवळ शंभर गोटे उचलून त्यांचा व्यास मोजावा, म्हणजे तळ बारीक झाला की जाड झाला ते कळेल. जळालेल्या मातीवर पाण्याचा थेंब ठेवून तो पाच सेकंदांहून अधिक टिकतो का ते पाहावे, आणि ही चाचणी पृष्ठभागाप्रमाणेच एक-दोन सेंटीमीटर माती बाजूला सारूनही करावी. सकाळी साडेआठला घेतलेली चोवीस तासांची पावसाची नोंद या कामास पुरणार नाही. दर पाच मिनिटांनी नोंद करणारे स्वयंचलित पर्जन्यमापक पाणलोटाच्या आतच बसवावे, शहरातील केंद्राच्या आकड्यांवर विसंबू नये, कारण जूनच्या सरी एका टेकडीवर पडतात आणि दुसरी कोरडी ठेवतात. हे सर्व मे महिन्याच्या अखेरीपर्यंत जागेवर हवे, कारण ज्या तीन-चार आठवड्यांत बहुतेक बदल घडतात, त्यांची नोंद नंतर कोणत्याही उपकरणाने मिळत नाही.